जहाजाच्या धुराची कपात कुणाच्या पट्टीतून?



बाजारातून निघताना हातात पट्टी पडते. तिच्यात हमाली दिसते, तोलाई दिसते. पुढचे ट्रकभाडे आणि जहाजभाडे दिसत नाही. ते व्यापाऱ्याने भाव बोलतानाच वजा केलेले असते. या न दिसणाऱ्या कपातीत आता धुराचा खर्च येऊ घातला आहे, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला.

पृथ्वी तापवणाऱ्या वायूंपैकी सुमारे ३ टक्के जहाजांतून निघतात. २०५० च्या आसपास हा आकडा निव्वळ शून्यावर आणायचा, असे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने २०२३ साली ठरवले. एप्रिल २०२५ मध्ये मसुदा झाला : मर्यादेबाहेरच्या कार्बनवर टनामागे १०० ते ३८० डॉलर. ऑक्टोबरात लंडनला शिक्कामोर्तब व्हायचे होते. अमेरिकेने विरोध केला आणि निर्णय वर्षभर पुढे गेला. युरोप मात्र थांबला नाही. २०२४ पासून तिथल्या बंदरांत जाणाऱ्या मोठ्या जहाजांना धुराचे परवाने विकत घ्यावे लागतात.

जहाजवाला हा खर्च भाड्यात घालणार. रुईचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, तेव्हा निर्यातदार वाढीव भाडे गिऱ्हाइकाकडून सहजी काढू शकत नाही. तो ते जिनिंगवाल्याकडे ढकलतो, जिनिंगवाला खेडा खरेदीवाल्याकडे, आणि त्याच्यामागे उभे कोण, तर आपण. परदेशी रुई इकडे येतानाही भाडे पडेल, तेवढाच आधार, असे कुणी म्हणेल. ऑगस्ट २०२५ मध्ये रुईवरचे ११ टक्के आयात शुल्क सरकारने काही महिन्यांसाठी काढून टाकले. आधार किती टिकतो ते तेव्हा कळले.

धूर कमी करू नका, असे आमचे म्हणणे नाही. पाऊस फिरला की पहिला कोरडवाहूच मरतो. पण बिनपैशाच्या वाटा आधी धरा. जहाजाचा वेग १० टक्के कमी केला तर त्याच फेरीला इंधन जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी लागते. त्याला नवे यंत्र नको की नवा कर नको.

आणि रस्त्यावरचे बघा. १०० क्विंटल कापसात रुई निघते ३४-३५ क्विंटल, बाकी जवळजवळ सगळी सरकी. दूरच्या जिनिंगला कापूस जातो म्हणजे ट्रक मुख्यतः सरकीच वाहतो. तीच सरकी ढेप होऊन आमच्याच गोठ्यात परत येते. जातानाचे डिझेल आमच्या नावावर, येतानाचेही आमच्याच! जिनिंग जवळ असेल, गाठी बांधून विजेवरच्या रेल्वेने बंदराला जातील, तर धूरही वाचेल आणि भाडेही.

इथेनॉलचा गाजावाजा खूप झाला. २०२५ मध्ये पेट्रोलात २० टक्के मिसळ गाठली गेली. पण आपला माल वाहणारे ट्रक डिझेलवर चालतात. शिवाय तो पैसा ऊस, मका आणि तांदळाकडे गेला. गोड ज्वारीचे नाव २०१८ च्या जैवइंधन धोरणात आहे. फलटणच्या निंबकर संस्थेने ‘मधुरा’ वाण त्याच्याही कितीतरी आधी काढले. ताटे कापल्यावर रस लवकर आंबतो, म्हणून चरक शिवाराजवळच लागतो. तो कुणी बसवला नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने लिहून आणावे : कापूस कोणत्या जिनिंगला गेला, किती किलोमीटर, क्विंटलला भाडे किती. तालुकावार बेरीज आपणच करू.