ठिगळ आणि कापड

चेन्नईच्या नैऋत्येस, श्रीपेरुंबुदूरहून सिंगपेरुमाळ कोविलकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरगडम हे गाव आहे. या शतकात त्याच्या भोवती मोटारी, मालमोटारी आणि मोटारसायकली बनविणारे मोठमोठे कारखाने उभे राहिले. रेनॉ आणि निसान या दोन कंपन्यांचा तेव्हाचा संयुक्त कारखाना येथेच २०१० मध्ये सुरू झाला. २०१७ च्या १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या नावाचा संगणकीय उपद्रव जगभर फैलावला. त्यात या दोन कंपन्यांच्या फ्रान्स, ब्रिटन, स्लोव्हेनिया व रुमानिया येथील कारखान्यांबरोबर ओरगडमच्या कारखान्याच्या कामातही अडथळा आला. पोलाद होते, माणसे होती, वीज होती; अडले ते संगणकापाशी.

या घटनेतील चमत्कारिक भाग असा की, ज्या दोषातून हा उपद्रव आत शिरत होता त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, प्रसिद्ध केला होता. अशा उपायास संगणकाच्या व्यवसायात ‘पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. ठिगळ शिवून तयार होते. जेथे ते वेळेवर लावले गेले नाही, तेथे उपद्रवाला वाट मिळाली. ठिगळ तयार असणे आणि ते कापडावर बसलेले असणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असते, हे त्या आठवड्यात अनेकांना कळून आले.

तरीही ते प्रकरण त्यामानाने सोपे होते. कापड एका मालकाचे, शिंपी एकच, आणि ग्राहकाने ठिगळ मुकाट्याने लावून घ्यावयाचे, एवढाच त्याचा भाग. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांना खुली असते, जी कोणीही वाचावी, बदलावी आणि आपल्या यंत्रावर स्वतः बांधून घ्यावी, अशा मुक्तस्रोत आज्ञावलीत हा व्यवहार अधिक गुंतागुंतीचा होतो. त्यातही १९९५ साली जगापुढे आलेली जावा ही भाषा अशी की, तिच्यात लिहिलेली कोणतीही मोठी आज्ञावली शेकडो परक्या तुकड्यांवर उभी असते. बँका, विमा कंपन्या, कारखाने आणि सरकारी कचेऱ्या यांचा फार मोठा कारभार या भाषेवर चालतो. तेथे ठिगळ लावणे ही एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे.

ठिगळ दिसते कसे? तो एक साधा मजकूर असतो. अमुक फाईलमधील अमुक ओळ काढावी आणि तिच्या जागी तमुक ओळ घालावी, एवढेच त्यात सांगितलेले असते. मात्र बदलाच्या वर आणि खाली साधारणतः तीन-तीन ओळी जशाच्या तशा दिलेल्या असतात. गोधडी शिवणाऱ्या बाईस याचे कारण सांगावे लागणार नाही. फाटलेल्या जागेभोवतीचे चार बोटे कापड धड असले तरच टाका धरतो. लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थाने १९८५ साली ‘पॅच’ नावाचीच एक छोटी आज्ञावली लिहिली. ती या भोवतालच्या ओळी शोधते, त्या थोड्या वरखाली सरकल्या असतील तर तेवढे सांभाळून घेते, आणि जुळतच नसतील तर तो भाग नाकारून वेगळ्या फाईलमध्ये टाकते. ठिगळ नाकारले गेले म्हणजे ते चुकीचेच आहे असे नव्हे. ते ज्या आवृत्तीसाठी लिहिले ती आवृत्ती समोर नाही, एवढेच बहुधा त्याचे कारण असते. कधी तर एकही अक्षर वेगळे नसते. एका यंत्राने ओळीचा शेवट एका चिन्हाने केलेला असतो आणि दुसऱ्याने दोन चिन्हांनी. डोळ्यांना ते दिसत नाही, यंत्राला मात्र दिसते, आणि नवशिक्याचा अख्खा दिवस त्यात जातो.

ठिगळ बसले तरी काम निम्मेच झाले असे समजावे. पुढे बांधणी असते. मनुष्याने लिहिलेल्या संहितेचे यंत्राला चालवता येईल असे रूप करणे, लागणारे परके तुकडे जमविणे, चाचण्या घेणे आणि सारे एका गाठोड्यात बांधणे, या क्रियेला बांधणी म्हणतात. जावाच्या जगात प्रथम ‘अँट’ आणि पुढे ‘मेव्हन’ या साधनांनी हे काम आपल्याकडे घेतले. मेव्हनने एक मोठी सोय केली. कोणते तुकडे हवेत याची यादी द्यावी, म्हणजे ते एका मध्यवर्ती भांडारातून आपोआप उतरून येतात. त्या तुकड्यांना लागणारे तुकडेही येतात, आणि त्यांना लागणारेही येतात. सोय मोठीच, पण आपल्या घरात कोण कोण राहावयास आले आहे, हे घरमालकास ठाऊक नसण्याची सुरुवातही येथूनच झाली.

बांधणी अडली की पडद्यावर चुकांच्या शेकडो ओळी धावू लागतात. अनुभवी माणूस त्या सगळ्या वाचीत नाही. संहितेचे रूपांतर होताना निघालेल्या चुकांत तो पहिली पाहतो, कारण पुढच्या पुष्कळशा तिचीच पोरे असतात. चालू आज्ञावली कोसळली असेल तर मात्र तो खालून वाचू लागतो, कारण तेथे मूळ कारण बहुधा तळाशी दिलेले असते. हा विवेक पुस्तकात क्वचितच सांगितलेला असतो. मग तो जावाची आवृत्ती पाहतो. आठव्या जावाने बांधलेल्या फाईलवर ५२ हा अंक कोरलेला असतो, अकराव्याने बांधलेल्यावर ५५ आणि सतराव्याने बांधलेल्यावर ६१. जुन्या यंत्राला नवा अंक दिसला की ते सरळ नकार देते. उलट बाजूनेही अडचण आहेच. २०१८ मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीतून, पूर्वी जावाबरोबरच मिळणारे काही भाग काढून टाकले गेले. जे काम काल निर्वेध बांधले जात होते ते नव्या यंत्रावर अडले, आणि त्याच्या संहितेत तर कोणी कानामात्रेचाही फरक केलेला नव्हता.

१५ जानेवारी २०२० रोजी असेच घडले. मेव्हनच्या मध्यवर्ती भांडाराने उघड्या, असुरक्षित मार्गाने येणाऱ्या मागण्या स्वीकारणे त्या दिवशी बंद केले. निर्णय योग्य होता, पूर्वसूचनाही दिलेली होती. पण ज्यांच्या जुन्या याद्यांत तो जुना पत्ता होता, त्यांना ५०१ या अंकाचा नकार मिळू लागला. त्याखेरीज मेव्हनची एक खोड आहे. एकदा एखादा तुकडा मिळाला नाही की ते ती गोष्ट टिपून ठेवते, आणि काही काळ पुन्हा विचारीतच नाही. पत्ता दुरुस्त केला तरी उत्तर जुनेच. रुसलेल्या जावयाप्रमाणे त्याला मुद्दाम पुन्हा आमंत्रण द्यावे लागते!

हा सारा किरकोळ त्रास वाटेल. त्याला किती मोठे वजन येऊ शकते हे २०२१ च्या डिसेंबरात दिसले.

‘लॉग-फोर-जे’ हा जावामधील असाच एक मुक्तस्रोत तुकडा आहे. त्याचे काम रोजनिशी लिहिण्याचे. आज्ञावली चालताना काय काय घडले याची तो नोंद ठेवतो. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली मोजकी माणसे तो सांभाळीत होती, आणि तीही बव्हंशी आपला पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून, फावल्या वेळात. २०१३ मध्ये कोणा वापरणाऱ्याने त्यात एक सोय सुचविली आणि तिचे ठिगळही पाठविले. नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खुणेने एखादा पत्ता लिहिलेला असेल, तर तेथून माहिती आणून नोंदीत घालावी, अशी ती सोय होती. ठिगळ नीट बसले, बांधणी झाली, चाचण्या पार पडल्या. पुढील आठ वर्षे त्यात काही गैर आहे असे फारसे कोणास वाटले नाही.

गैर होते ते असे. रोजनिशीत जे लिहिले जाते ते पुष्कळदा परक्याकडून आलेले असते. कोणी आपले नाव म्हणून, कोणी निरोप म्हणून काहीही धाडावे, ते नोंदले जाते. त्या मजकुरात शत्रूने आपला पत्ता घातला, तर कारकून स्वतः उठून तेथे जाई आणि तेथे दिलेल्या आज्ञा आणून घरात अमलात आणी. अलीबाबा या चिनी कंपनीच्या सुरक्षा-विभागातील एका संशोधकाने हा दोष २४ नोव्हेंबर २०२१ रोजी अपाचीला खाजगीरीत्या कळविला. ९ डिसेंबरला तो जगजाहीर झाला. माइनक्राफ्ट या खेळात गप्पांच्या चौकटीत एक ओळ टाकून तो साधता येतो, हे पोरांनाही कळले. दोषाची तीव्रता मोजण्याच्या दहा गुणांच्या मापनपद्धतीत त्याला दहापैकी दहा गुण मिळाले.

दुरुस्ती १० डिसेंबरला २.१५.० या आवृत्तीच्या रूपाने आली, आणि ती पुरी पडली नाही. काही विशिष्ट मांडणीत वाट उघडीच राहत होती. १३ तारखेस २.१६.० आली, तिने ती सोयच मुळापासून काढून टाकली. मग आणखी एक दोष सापडला आणि काही दिवसांत २.१७.० आली, महिनाअखेरीस २.१७.१. ठिगळावर ठिगळ, त्यावर ठिगळ. टीकाकारांनी त्या माणसांना बोल लावले. पण ज्यांच्या फुकटच्या श्रमावर बड्या बड्या कंपन्यांचा व्यवहार उभा होता, त्या माणसांनी रात्रीचा दिवस करून हे काम केले, आणि अपाचीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक आवृत्तीस किमान तीन अनुकूल मतेही मिळविली, हे ध्यानात घेतले तर बोल लावणाऱ्यांची बाजू फार लंगडी वाटते.

त्यांच्यापुढची खरी अवघड कामगिरी तर फारशी कोणाच्या नजरेस आलीच नाही. नव्या आवृत्त्यांना आठवी जावा लागे. परंतु जगात सातव्या आणि सहाव्या जावावर चालणारी यंत्रेही उरलेली होती. त्यांच्यासाठी तेच ठिगळ जुन्या, कितीतरी वेगळ्या संहितेवर बसवून २.१२.२ आणि २.३.१ या आवृत्त्या त्याच डिसेंबरात काढाव्या लागल्या. जेथे भोवतालच्या ओळी जुळत नाहीत तेथे ठिगळाचा हेतू समजून घेऊन ते नव्याने कातरावे लागते. हे काम यंत्र करीत नाही.

आता वापरणाऱ्यांची बाजू पाहावी. पहिला प्रश्न असा की, हा तुकडा आपल्याकडे आहे काय? गूगलच्या संशोधकांनी त्याच महिन्यात मेव्हनचे भांडार तपासले, तेव्हा ३५,००० हून अधिक गाठोडी या दोषाने बाधित निघाली. म्हणजे साऱ्या भांडाराच्या आठ टक्क्यांहून अधिक. त्यांपैकी लॉग-फोर-जे थेट मागविणारी सुमारे ७,००० च होती. बाकीच्यांकडे तो कोणाच्या तरी मागून, त्याच्याही मागून आलेला होता. पुष्कळांच्या बाबतीत तर पाचव्या पिढीतून. दोन वेगवेगळ्या वाटांनी दोन आवृत्त्या आल्या, तर मेव्हन नव्या आवृत्तीस नव्हे, जवळच्या नात्यास मान देते. त्यामुळे यादीत एकीकडे नवी आवृत्ती असूनही प्रत्यक्ष बांधणीत जुनीच येऊन बसे. काही कंपन्यांनी तर तो तुकडा आपल्या गाठोड्यात विरघळवून टाकला होता. नावाने शोधला तर तो सापडतच नसे. ज्यांना आपल्या आज्ञावलीचा वंशवृक्ष काढून तो फांदीफांदीने वाचण्याची सवय होती, त्यांचे काम तासांत झाले. इतरांचे आठवडे गेले.

येथे ओरगडमसारख्या ठिकाणची एक रीत आठवावी. मोटार बनते तेव्हा तिच्यात कोणते भाग बसले याची घटकसूची कारखाना ठेवतो. कोणा पुरवठादाराच्या एखाद्या खेपेत खोट निघाली, तर कोणत्या गाड्या परत बोलवावयाच्या हे त्या सूचीवरून समजते. लोखंडाच्या जगात ही शिस्त जुनी आहे. त्याच गाड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या आज्ञावलींच्या जगात मात्र ती आता कोठे रुजू लागली आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनी १२ मे २०२१ रोजी काढलेल्या आदेशात आज्ञावलींच्या घटकसूचीचा पुरस्कार केला, तो या प्रकरणाच्या अवघे सात महिने आधी. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या चौकशी मंडळाने आपला अहवाल दिला. हा दोष जगातील यंत्रांत दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ शिल्लक राहील, असे अनुमान त्यात नोंदविले आहे.

अर्थात, सूची असली तरी ठिगळ बसविण्यास आणि पुन्हा बांधणी करण्यास माणूस लागतोच, आणि त्या माणसाचे घर चालावे लागते. जर्मन शासनाच्या सॉव्हरिन टेक फंड या निधीने २०२३ मध्ये लॉग-फोर-जेच्या देखभालीसाठी पैसा दिला. रात्री आणि सुटीच्या दिवशी चालणारे ते काम त्यामुळे काहींना दिवसाउजेडी, मोबदला घेऊन करता आले.