मॅनिफोल्ड धुवायच्या आधी तो वाचायचा

गेल्या काही दिवसांत एकाच धाटणीचे बरेच मेसेज आले. गाडी ओढत नाही, एव्हरेज पडलंय, चढाला काळा धूर सोडते, आणि मेकॅनिक म्हणतो इनटेक मॅनिफोल्ड खोलून साफ करावा लागेल. घरी केलं तर चालेल का?

चालेल. काम अवघड नाही. पण यात गाडी बिघडते ती बहुतेक वेळा खोलताना नाही, परत बसवताना. आत काय राहिलं, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून आज धुण्यापेक्षा बसवायच्या तयारीवर जास्त बोलणार आहे.

ज्यांनी मॅनिफोल्ड कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एअर फिल्टरमधून आलेली हवा प्रत्येक सिलेंडरला वाटून देणारा हा फाटे फुटलेला पाईप. हेडला बोल्टने बसवलेला असतो, मधे पॅकिंग असतं. जुन्या गाड्यांत बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा, आता बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचा.

मग हवेच्या पाईपात डांबरासारखं काळं कुठून येतं? डिझेल गाडीत ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह असतो. तो सायलेन्सरकडे जाणारा थोडा जळका गॅस परत आत पाठवतो. त्यामुळे आतल्या हवेतला ऑक्सिजन कमी होतो, जळण थोडं थंड होतं, आणि नायट्रोजन ऑक्साइड नावाचा विषारी गॅस कमी बनतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, त्याआधी 2017 ला देशभर बीएस-4 होतं. नियम कडक होत गेले तसं ईजीआरचं काम वाढत गेलं. आता त्या गॅसमध्ये काजळी असते. दुसरीकडून ब्रीदरच्या पाईपातून इंजिन ऑइलची वाफ येते. नुसती काजळी उडून गेली असती, नुसतं तेल वाहून गेलं असतं. दोन्ही एकत्र आले की चिकटतात, थरावर थर बसतो.

आपल्याकडच्या काही गाड्यांना हे जास्त होतं. भूम, वाशीकडच्या खव्याच्या पिकअप घ्या. पहाटे निघायचं, दर दोन-तीन किलोमीटरला थांबायचं, खवा भरायचा, इंजिन चालूच. गाडी धड गरम होत नाही, रेस कधी वर जात नाही. अशी एक पिकअप आमच्याकडे आली होती. बालाघाटाच्या चढाला दुसऱ्या गिअरशिवाय वर येईना. मॅनिफोल्ड खोलला तर भोकात करंगळी जेमतेम जात होती. साधं गणित आहे: भोकाचा व्यास अर्धा झाला की हवेची वाट पाव उरते. डिझेल तेवढंच, हवा कमी, मग धूर काळाच निघणार.

आता खोलायच्या आधीची गोष्ट. मोबाईल आहेच हातात, तर प्रत्येक वायर, प्रत्येक पाईप, प्रत्येक क्लिपचा फोटो काढा. लांबून एक, जवळून एक. बोल्टची लांबी वेगवेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डचं चित्र काढून त्याच जागी बोल्ट खोचून ठेवायचे. आमच्याकडचे जुने मिस्त्री हे फोनच्या आधीपासून करतात.

मॅनिफोल्ड निघाला की हेडची उघडी भोकं लगेच बंद करायची. लगेच म्हणजे चहाच्या आधी. इथे धाराशिवला उन्हाळ्यात वारं सुटलं की मुरमाची धूळ कुठेही शिरते. जाड चिकटपट्टी सगळ्यात बरी. चिंधी कोंबायची तर भडक रंगाची, आणि किती चिंध्या कोंबल्या ते पुठ्ठ्यावर लिहायचं. हसू नका. एका ठिकाणचं काम बिघडून ओढत आणलेलं इंजिन मी खोललंय, आत सहा एमएमचा नट होता. डिझेल इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा हेड आणि पिस्टनमध्ये साधारण एक मिलिमीटरची फट उरते. नट पाच मिलिमीटर जाडीचा. पिस्टन, हेड, व्हॉल्व्ह, सगळं गेलं. नटाची किंमत दोन रुपये.

आता मुख्य मुद्दा. मॅनिफोल्ड हातात आला की लगेच धुवायला पळू नका. आधी उजेडात धरा आणि वाचा. त्यात इंजिनाचा सगळा इतिहास लिहिलेला असतो, आणि एकदा धुतलं की पुसला गेला.

ओला, चिकट, काळा थर सगळीकडे सारखा असेल तर ते ईजीआर आणि ब्रीदरचं नेहमीचं काम. तळाला पातळ तेल साचलं असेल तर टर्बोचं सील किंवा ब्रीदर बघा, नाहीतर साफ केलेला मॅनिफोल्ड पुन्हा लवकरच भरेल. एकाच भोकाजवळ तांबूस किंवा पांढरट डाग असेल, तर तिथे कूलंट झिरपतंय का ते तपासा. पॅकिंगवर एखाद्या जागी काळी रेघ आरपार गेलेली दिसली, तर तिथून हवा निसटत होती.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोरडी, पिवळसर-तपकिरी धूळ. ही ट्रॅक्टरमध्ये जास्त दिसते. ट्रॅक्टरच्या बऱ्याच इंजिनांना टर्बो नसतो, ते हवा ओढून घेतं. फिल्टरच्या पुढे कुठेही होज फाटला, क्लिप ढिली झाली, की रानातली धूळ फिल्टर न लागता थेट आत. बोट फिरवलं आणि धूळ लागली, तर मॅनिफोल्ड साफ करून काही होणार नाही. आधी ती फट शोधा. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे लायनर एवढ्यावरून झिजतात, आणि मालक म्हणतो ऑइल खराब होतं.

वाचून झालं. आता धुणं. आधी सगळे सेन्सर काढा, ईजीआर व्हॉल्व्ह काढा, रबरी सील काढा. मग पातळ लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने जेवढं कोरडं खरवडून निघेल तेवढं काढा. हातमोजे आणि मास्क घाला, ती काजळी नाकात जाण्यासारखी वस्तू नाही. मग ट्रेमध्ये डिझेल घेऊन ॲल्युमिनियमचा भाग रात्रभर भिजत ठेवा, सकाळी बाटलीच्या ब्रशने घासा. शेवटी साबणपावडरच्या कोमट पाण्याने. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी, त्यामुळे मी पाणी शेवटच्या एका धुण्यालाच वापरतो. ट्रेमधलं डिझेल गाळून परत चालतं. पेट्रोलने धुवू नका, गॅरेज पेटायला एक ठिणगी पुरते.

कॉस्टिक सोड्याचं पाणी उकळून त्यात बुडवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. बिडाच्या भागाला ठीक. ॲल्युमिनियम त्यात टाकला तर फसफसतो, हायड्रोजन निघतो, आणि धातूच खाल्ला जातो. पॅकिंग बसायची सपाट जागा खरबरीत झाली की मॅनिफोल्ड गेला. गॅसच्या बत्तीने काजळी जाळणारेही पाहिलेत. चमकतो छान, पण वाकतो. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला तर उष्णता आणि थिनर दोन्ही लांब ठेवा. साबण आणि संयम एवढंच.

पॅकिंगची जागा साफ करताना अनेकांना ग्राइंडरवर घासायची चकती लावायचा मोह होतो. नका लावू. त्या चकतीतून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण सुटतात. ते हेडच्या भोकात, तिथून ऑइलमध्ये आणि शेवटी बेअरिंगमध्ये जातात. अमेरिकेत जनरल मोटर्सने आपल्या मेकॅनिकांसाठी याच चकत्यांविरुद्ध सर्व्हिस बुलेटिन काढलं होतं, कारण त्यातून बेअरिंग खराब होत होते. प्लास्टिकची पट्टी, पॅकिंग सोडवायचा स्प्रे, थोडा वेळ. बस्स.

जागा साफ झाली की तिच्यावर सरळ पट्टी उभी धरा आणि खालून फिलर गेज घालून बघा. किती वाक चालतो ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. जास्त निघाला तर लेथवाल्याकडून फेसिंग करून घ्या. पॅकिंगवर सिलिकॉन थापून वाक झाकता येत नाही. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला दबून शेवयांसारखं लोंबतं, मग तुटून इंजिनात जातं.

आता सुकवणं. घाई इथेच नडते. आमच्या पिकअपवाल्या मामांनी संध्याकाळी विचारलं, "मिस्त्री, आज रात्री देता का गाडी? खवा थांबत नाही." त्यांचं बरोबर होतं. उन्हाळ्यात एक दिवस गेला की माल आंबतो, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. मी म्हणालो, "मामा, उद्या सकाळी. आज भाड्याची गाडी बघा." त्यांना राग आला, आणि तो येणारच. पण कारण ऐका.

मॅनिफोल्डच्या आत वळणं असतात, खोलगट जागा असते. बाहेरून कोरडा दिसला तरी आत वाटीभर पाणी किंवा डिझेल बसलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही. ते सिलेंडरमध्ये गेलं आणि पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल साचलेलं असलं तर त्याहून भयानक. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, हवेतून जळण मिळालं की ते त्याच्यावरच पळतं. चावी बंद केली तरी रेस वाढत जाते, कारण पंपाकडून डिझेल येणं थांबलं तरी मॅनिफोल्डमधून येतंच. आतलं संपेपर्यंत किंवा इंजिन फुटेपर्यंत. म्हणून कॉम्प्रेसरची हवा प्रत्येक भोकातून मारा, मॅनिफोल्ड उलटा-पालटा करून मारा, मग भोकं खाली करून रात्रभर ठेवा. सकाळी आत पांढरं कापड फिरवा. कापड कोरडं आणि स्वच्छ आलं तरच पुढे.

बसवताना नवीन पॅकिंग, नवीन सील. जुनं चांगलं दिसलं तरी टाका. चिकटपट्टी किंवा चिंध्या काढा, पुठ्ठ्यावरच्या आकड्याशी मोजा. हेडच्या भोकात टॉर्च मारून एकदा बघा. बोल्ट आधी सगळे हाताने लावा, ॲल्युमिनियमचे आटे पान्याच्या एका चुकीच्या वेढ्याने जातात. मग मधल्या बोल्टपासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. शेवटची फेरी टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. आठ एमएमचा बोल्ट आणि लांब पाना ही जोडी धोक्याची आहे, हाताला अंदाज येत नाही.

मग फोनमधले फोटो उघडा आणि एकेक पाईप, एकेक वायर जुळवा. इंजिन चालू केल्यावर पहिली काही मिनिटं थोडा पांढुरका धूर येऊ शकतो, उरलासुरला साबण-तेल जळतं. सुस्कारा ऐकू येतोय का ते कान देऊन बघा. टर्बोच्या गाडीत रेस दिल्यावर फुसफुस आली तर होजची क्लिप बघा.

ईजीआरला पत्रा मारून बंद करून टाकायचा सल्ला व्हिडिओंमध्ये भरपूर मिळतो. बीएस-6 गाडीला तो दिला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी ताकद कमी करून बसते. शिवाय तो गॅस कुणाच्या तरी छातीत जातोच. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गाडी पूर्ण गरम करून हायवेला अर्धा तास चालवा. येडशीहून तुळजापूरपर्यंत 52 नंबरचा महामार्ग त्यासाठी छान आहे.

मामांची पिकअप सकाळी नऊला गेली. आठवड्याने आले तेव्हा होजच्या क्लिपा पुन्हा तपासल्या, एक थोडी ढिली निघाली, आवळली. पुढच्या भागात टर्बोच्या होजवरच बोलू.