शेजारचा पंप चालेल का?

आज माझ्या एका मैत्रिणीच्या पीएचडीबद्दल बोलायचंय. ती पश्चिम बंगालमधल्या नदिया जिल्ह्यात हातपंपांच्या पाण्यातलं आर्सेनिक मोजते.

हे आर्सेनिक कुठल्या कारखान्यातून आलेलं नाही बरं का. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात ते लोहाच्या कणांना चिकटून असतं. खाली ऑक्सिजन नसला की जिवाणू ते लोह विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. उकळूनही उपयोग नाही. पाणी आटतं, आर्सेनिक तिथंच.

आपण डेटावाले लगेच सरासरी काढायला बसतो. इथं ती कुचकामी. एका पंपात लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्यात 200, असंही असू शकतं. मर्यादा आहे 10. म्हणून प्रत्येक पंप वेगळा तपासायचा. आधी साचलेलं पाणी उपसून टाकायचं, मग नमुना गाळून त्यात आम्ल घालायचं. नाहीतर लोह बाटलीतच तळाशी बसतं, आर्सेनिकलाही सोबत नेतं, आणि आकडा कमी दिसतो!

रिपोर्ट येईपर्यंत घरातली माणसं तेच पाणी पितात. आणि आल्यावर? बांगलादेशात तपासलेले पंप रंगवले होते: लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. पण हिरवा पंप असतो शेजाऱ्याच्या अंगणात. म्हणून तिच्या वहीत आता एक जास्तीचा रकाना आहे: जवळचा सुरक्षित पंप कुणाचा, आणि ते घर पाणी भरू देतं का.