वृक्षचिकित्सा : तरुणांसाठी एक व्यवसाय
(कान्हे येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



मावळात पाऊस लागला की फांद्या घरांवर, तारांवर कोसळतात. मग कोणी कुऱ्हाड घेऊन चढतो व फांदी खोडालगत साफ उतरवितो. हे काम बळाचे, असा समज आहे. वस्तुतः ते ज्ञानाचे आहे.

अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी खोडे उभी चिरून दाखविले की, झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड तिच्याभोवती भिंत घालून कूज रोखते. म्हणून फांदी खोडाला मिळते तेथील फुगीर कडे राखून छेद द्यावा. जड फांदी प्रथम हातभर दूर, आधी खालून व मग वरून कापावी. म्हणजे साल सोलत नाही. उरलेला खुंट शेवटी काढावा.

तळेगाव, लोणावळा येथील नगरपरिषदांच्या हद्दीत १९७५ च्या कायद्यान्वये परवानगीवाचून वृक्ष तोडता येत नाही. तेथे जाणत्या हातांना काम आहे. आपल्या तरुणांनी उद्यानविद्या शिकावी, अनुभवी माणसाच्या हाताखाली उमेदवारी करावी. परंतु दोर, कमरपट्टा व शिरस्त्राण यांवाचून आणि तारांतील वीज बंद केल्यावाचून झाडावर चढू नये. एका दिवसाच्या मजुरीसाठी घराचा कर्ता गमावणे कोणत्याही कुटुंबास परवडणारे नाही.