पिशवीतील रक्तपट्टिका

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी वैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर. आयुष्य सरकारी कागदपत्रांत गेले. तरीही हा विषय घेण्याचे धाडस करीत आहे, कारण पावसाळा सरू लागला की मंडळाकडे दूरध्वनी येऊ लागतात : ‘डेंग्यू आहे, प्लेटलेट हव्यात, दाते मिळतील का?’ १९९६ च्या साथीत दिल्लीत दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि चारशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. शालेय पुस्तकांतील ‘रक्तपट्टिका’ तेव्हापासून ‘प्लेटलेट’ होऊन आपल्या घराघरांत शिरली.

रक्त शीतकपाटात सुमारे पाच आठवडे टिकते. रक्तपट्टिकांचा स्वभाव निराळा. थंडीने त्यांचे रूप पालटते आणि रुग्णाच्या शरीरात गेल्यावर त्या फार काळ टिकत नाहीत. १९६९ साली मर्फी व गार्डनर या अमेरिकन संशोधकांनी हे दाखवून दिले. म्हणून त्यांना २० ते २४ अंश तापमानात, अखंड हलत्या फळीवर, वायू आरपार जाऊ देणाऱ्या पिशवीत ठेवतात. हालचाल थांबली की प्राणवायू अपुरा पडून आम्ल साचते. त्यातच ही ऊब जंतूंनाही मानवते. सबब आपल्याकडे मुदत पाचच दिवसांची. धावपळीत कोणी नातेवाईक पिशवी बर्फात घालून नेतो. हेतू मायेचा, पण परिणाम उलटा!

पिशवीवर रक्तगट, दिनांक, मुदत सारे लिहिलेले असते. परंतु कागद ठीक असणे आणि वस्तू ठीक असणे यांतील अंतर आम्हा सरकारी नोकरांहून अधिक कोणास ठाऊक? याकरिता एक जुनी, साधी आणि मला मोठी मनोहर वाटणारी परीक्षा आहे. पिशवी प्रकाशासमोर धरून हलकेच हलवितात. पट्टिका तबकडीसारख्या चपट्या असतील, तर प्रकाश विखुरून रेशमी वस्त्रावरील झळाळीसारख्या लहरी उमटतात. आम्लता वाढून त्या गोल झाल्या की लहरी मावळतात. द्रव लालसर दिसला, तर तांबड्या पेशी मिसळल्याचा संशय घ्यावा.

मात्र या लहरी संख्या सांगत नाहीत, जंतूंविषयीही भरवसा देत नाहीत. म्हणून रक्तपेढीत काही नमुने काढून त्यांची मोजणी, सामू व जंतुपरीक्षा करतात. एकाच दात्याकडून यंत्राद्वारे घेतलेल्या पिशवीत साधारणतः तीस हजार कोटी पट्टिका अपेक्षित असतात. अशा दानापूर्वीच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेले नसावे. त्याने पट्टिकांची चिकटण्याची शक्ती मंदावते. आपल्या यादीतील दात्यांना दूरध्वनीवरच हा प्रश्न विचारावा.

आता एक अप्रिय गोष्ट. आकडा एक लाखाखाली आला की आपली माणसे पिशवीसाठी डॉक्टरांच्या मागे लागतात. कोणी पपईच्या पानांचा रस शोधतो, कोणी शेळीचे दूध. वस्तुतः रक्तस्राव नसेल, तर साधारणपणे दहा हजारांपर्यंत पट्टिका देण्याची निकड नसते. डेंग्यूत खरे लक्ष शरीरातील द्रवाचे प्रमाण, रक्तदाब व रक्तस्राव यांकडे हवे. अनावश्यक दिलेली पिशवी पाच दिवसांच्या त्या अल्प साठ्यातूनच जाते, आणि शेजारच्या वॉर्डात रक्ताच्या कर्करोगाचे मूल तिची वाट पाहत असू शकते.

अखेरची परीक्षा रुग्णाच्याच शरीरात होते. पिशवी चढविल्यानंतर सुमारे तासाभराने पुन्हा मोजणी करतात. आकडा अपेक्षेइतका चढला नाही, तर दोष पिशवीचाच असेल असे नाही. ताप, सुजलेली प्लीहा किंवा रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे हीही कारणे असतात. तेव्हा दुसरी पिशवी मागण्यापूर्वी हे कारण डॉक्टरांना अवश्य विचारावे.