गुहेतली सोबत



इथे बसलेल्या प्रत्येकाचं सध्या काही ना काही बदलतंय. कुणी बीडहून, कुणी मालेगावहून शिकायला शहरात आलंय. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. कुणाला आडनाव ऐकताच भाड्याची खोली नाकारली जातेय. माझ्या सॉफ्टवेअर क्षेत्रात तर मी कॉलेजात शिकलेलं बरंचसं काम आता मशीन करू लागलंय. अशा वेळी घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘अल्लाह आहे ना, कशाला घाबरतोस?’ हे खरंच आहे. पण रात्री दोन वाजता झोप येत नसताना या वाक्याचं नेमकं करायचं काय?

याचं उत्तर मला हिजरतमध्ये सापडतं. इसवी सन ६२२. मक्केत प्रेषितांच्या (स.) हत्येचा कट ठरला होता. जन्मगाव सोडून मदिनेला जायचं होतं. तयारी कशी झाली बघा. हजरत अबू बकर (रजि.) यांनी दोन उंटिणी कित्येक महिने आधीपासून चारा घालून तयार ठेवल्या होत्या. हजरत अली (रजि.) प्रेषितांच्या अंथरुणावर झोपले. मदिना उत्तरेला, तर हे दोघे निघाले दक्षिणेला, सौर डोंगराच्या गुहेकडे. अबू बकर यांचा तरुण मुलगा अब्दुल्लाह दिवसभर मक्केत कान उघडे ठेवून वावरायचा आणि अंधार पडल्यावर गुहेत येऊन बातम्या सांगायचा. आमिर बिन फुहैरा शेळ्या-मेंढ्या चारत तिथे यायचे. त्यामुळे दूध मिळायचं आणि वाळूतल्या पाऊलखुणाही पुसल्या जायच्या. वाट दाखवायला पैसे देऊन ठेवलेला वाटाड्या होता अब्दुल्लाह बिन उरैकित. तो मुसलमान नव्हता, पण विश्वासू होता आणि त्याने शब्द पाळला.

अल्लाहच्या सोबतीवर ज्यांचा सर्वांत जास्त भरवसा, त्यांनीच इतक्या बारकाईने नियोजन केलं. तेव्हा ‘अल्लाह बघून घेईल’ म्हणत हातावर हात ठेवून बसणाऱ्याला हिजरतचा दाखला देता येणार नाही.

आमच्या कामात जुन्या सिस्टीमवरून नव्या सिस्टीमवर जाण्याला मायग्रेशन म्हणतात. आम्ही बॅकअप घेतो, चाचण्या करतो, काही बिघडलं तर मागे कसं फिरायचं तेही लिहून ठेवतो. एवढं करूनही शेवटच्या घटकेला काहीतरी हाताबाहेर राहतंच. गुहेतही तेच झालं. माग काढणारे थेट तोंडाशी येऊन उभे राहिले. त्यांनी नुसतं स्वतःच्या पायांखाली पाहिलं असतं तरी आतले दोघे दिसले असते. अबू बकर यांनी ती भीती बोलून दाखवली. नियोजन जिथे संपलं, तिथे प्रेषितांनी (स.) त्यांना अल्लाहच्या सोबतीची आठवण दिली. सूरह तौबाच्या ४०व्या आयतीत हा प्रसंग आहे.

त्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात.

पहिली, आयतीत पुढे सकीनतचा उल्लेख येतो. सकीनत म्हणजे अल्लाहकडून मनावर उतरणारी शांतता. ती कधी उतरली? शोध घेणारे अजून फिरत होते, डोक्यावर बक्षीस होतं, मदिना शेकडो किलोमीटर दूर होती. परिस्थिती तीच होती, मन मात्र स्थिर झालं. आपण म्हणतो, नोकरी लागू दे, मग शांत होईन. इथे क्रम उलटा आहे. आधी मन स्थिर झालं आणि मग त्या स्थिर मनाने पुढचा अवघड प्रवास केला.

दुसरी, प्रेषितांनी सोबतीबद्दल बोलताना शब्द वापरला तो ‘आपल्या’, फक्त ‘माझ्या’ नाही. घाबरलेल्या मित्राला त्यांनी रागावून गप्प केलं नाही, तुझा ईमान कच्चा आहे असं सुनावलं नाही. त्याला आपल्या सोबतीत सामील करून घेतलं. आज आपल्यातला एखादा घाबरलेला असेल, तर त्याला प्रवचन नको असतं. शेजारी बसून ‘आपण’ म्हणणारा कुणीतरी हवा असतो.

आणि मुलींसाठी मुद्दाम सांगतो. या सगळ्या योजनेत हजरत अस्मा (रजि.) होत्या. त्या तेव्हा गरोदर होत्या. शिदोरी बांधायला दोरी मिळेना, तेव्हा त्यांनी कमरेचा पट्टा फाडून दोन केले. म्हणून त्या ‘जातुन्निताकैन’, दोन पट्ट्यांवाल्या, म्हणून ओळखल्या जातात. तेव्हा बाहेरगावी शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मुलीला कुणी ‘हे धाडस बाईचं नाही’ असं म्हणालं, तर तिने अस्मांचं नाव घ्यावं.

तर मग रात्री दोन वाजता काय करायचं? उठून दोन रकात नमाज पढा. जे मनात असेल ते अल्लाहशी आपल्या मराठीत बोला. तो मानेच्या शिरेपेक्षाही जवळ असल्याचं कुरआन सांगतो, त्याला दुभाषा लागत नाही. मग एका कागदावर उद्याचं एकच काम लिहा. एक अर्ज, एक फोन, नव्या कौशल्याचा एक धडा. आणि आणखी एका माणसाचं नाव लिहा, ज्याला उद्या विचारायचं, ‘तू कसा आहेस?’ तो आपल्याच धर्माचा असला पाहिजे असं नाही. उरैकितचा मुलगा आठवा.

गुहेत तीन रात्री काढल्यावर दोघे बाहेर पडले आणि वाटाड्यामागे चालू लागले. भीतीची कारणं वाटेत अजून होती. अल्लाहची सोबतही होती.

अल्लाह आपल्या सगळ्यांच्या मनावर सकीनत उतरवो आणि आपल्याला एकमेकांची सोबत बनवो. आमीन.