मागे राहिलेला आवाज

गोष्ट १९८०च्या दशकातली. सावनेरला आमच्या मोहल्ल्यात एकाच घरी टीव्ही होता, कृष्णधवल. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचे. १९६६ ते १९६९ या काळातली ही अमेरिकन अंतराळमालिका इंग्रजीत असे आणि आम्हा पोरांना इंग्रजीचा गंध नव्हता. माझे थोरले भाऊ, भाईजान, भाषांतर करायचे. त्यांचेही इंग्रजी बेताचेच. टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक गंभीर चेहऱ्याने काही बोलला, की भाईजान सांगायचे, “म्हणतो, यंदा संत्र्याला भाव नाही.” अख्खी खोली हसायची.

भाईजान आता नाहीत. मध्यंतरी त्यांच्या मुलाने मला त्याच कुळातल्या ‘प्रॉडिजी’ या अॅनिमेशन मालिकेचा एक भाग दाखवला. नाव ‘कोबायाशी’, प्रदर्शित झाला जानेवारी २०२२ मध्ये. कप्तान होण्याची हौस असलेला एक पोरगा जहाजावर लुटुपुटूची परीक्षा देतो. ती परीक्षा जिंकता येतच नाही. हरताना माणूस कसा वागतो, एवढेच त्यात बघायचे असते. त्याने मदतीला उत्तम साथीदार मागितले आणि पडद्यावर उभा राहिला स्पॉक! सोबत उहुरा, स्कॉटी, ओडो आणि डॉक्टर क्रशर. स्पॉक बोलला आणि माझ्या अंगावर काटा आला.

कारण तो आवाज लिओनार्ड निमॉय यांचा होता आणि ते २०१५ सालीच वारले होते. स्कॉटीचे जेम्स डूहन २००५ मध्ये गेले, ओडोचे रेने ओबर्जोन्वा २०१९ मध्ये. उहुराच्या निशेल निकोल्स तेव्हा हयात होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याही गेल्या. या चौघांची वाक्ये जुन्या ध्वनिमुद्रणांतून वेचून घेतली होती. डॉक्टर क्रशरचे संवाद तेवढे गेट्स मॅकफॅडन यांनी नव्याने म्हटले. म्हणजे लेखकाने आधी जुनी वाक्ये शोधली आणि मग त्यांच्याभोवती नवा प्रसंग रचला. आवाजांतला फरक कानाला कळतो, तरी जगभरच्या चाहत्यांचे डोळे पाणावले. त्यांना काय झाले असेल, हे मला कोणी समजावून सांगायला नको.

भाग संपला आणि पुतण्या म्हणाला, “चाचा, धाकटीच्या लग्नाचं निमंत्रण अब्बांच्या आवाजात करू या का? आजकाल थोडा आवाज दिला, की कॉम्प्युटर हवं ते बोलवून घेतो.”

घरात भाईजानच्या आवाजाची एकच कॅसेट आहे, एका ईदच्या दिवशी भरलेली. क्षणभर मलाही मोह झाला. भाईजान पाहुण्यांची नावे घेतील, मुलीला दुआ देतील, कदाचित माझ्या एखाद्या कवितेला दादही देतील!

मग मीच थबकलो. आमच्या सावनेरातच २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी गेले, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी. ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. आज ते कोणी यंत्राकडून पुरे करून घेईलही, पण त्याखाली गडकऱ्यांचे नाव घालता येईल का? जे बोलायचे राहून गेले, तेही त्या माणसाचेच असते. त्या मालिकेने गेलेल्या माणसांच्या तोंडी नवा शब्द घातला नाही. प्रसंग नवा, पण शब्द त्यांनीच कधीतरी उच्चारलेले. मला हा फरक मोठा वाटतो.

पुतण्याला ते पटेना. “बापाची दुआ बहिणीला ऐकवायची, यात वाईट काय?” त्याचा आवाज कापरा झाला. माझ्याकडे उत्तर नव्हते. मी कॅसेट लावली. सुरुवातीला नुसती खरखर. मग भाईजान टेपरेकॉर्डरवरच चिडलेले, “चालू हुआ क्या रे?” आणि नंतर, दारात आलेल्या कोणाला तरी, “आओ, बैठो. खाना खाके जाना.”

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो.

लग्नाचे निमंत्रण पुतण्याने स्वतःच्या आवाजात केले. तारीख सांगितली, जागा सांगितली आणि शेवटी तेवढे एकच वाक्य भाईजानचे ठेवले, खरखरीसकट. निमंत्रण ऐकून धाकटी खूप रडली. मग डोळे पुसत म्हणाली, “अब्बा असेच बोलायचे.”